कुलसुमबीचा धबधबा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत शफीकमियांचा फोटो स्टुडिओ होता. दुकान एक, दारं दोन. पुढच्या दारानं बाप्ये यायचे आणि पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, निवडणुकीच्या पत्रकाचे फोटो काढून जायचे. मागच्या बोळातल्या दारानं बाया यायच्या. तिथं कॅमेऱ्यामागं शफीकमियांची बायको उभी असायची, कुलसुमबी. वय पन्नाशीच्या पलीकडे, अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून भरलेली. "मान वर कर. इतकी नाई वं, नवरदेव काय छतावर बसला हाय? आता श्वास धर. धर म्हनलं ना!" असा दम देऊन तिनं निम्म्या अकोल्याच्या पोरींचे लग्नासाठी दाखवायचे फोटो काढले होते. त्यात हिंदूंच्या पोरी होत्या, मुसलमानांच्या होत्या, खेड्यावरून एस्टीनं आलेल्या, डोळ्यांत काजळ घातलेल्या आणि आईचा हात न सोडणाऱ्या होत्या.

या मागच्या खोलीत एक पडदा होता. लग्नाच्या वर्षी शफीकमियांनी मांजरपाटावर स्वतःच्या हातानं धबधबा रंगवला होता. निळंशार पाणी, दोन राजहंस, कोपऱ्यात गुलाबाचं झाड आणि झाडाखाली एक हरीण. हरीण अशासाठी, की हरणाचं चित्र त्यांना चांगलं जमायचं. शफीकमियांनी जन्मात धबधबा पाहिला नव्हता. एका कॅलेंडरावर पाहिला तेवढाच. पण लोकांचा त्या पडद्यावर असा विश्वास बसला होता की विचारू नका. कुलसुमबीच्या धबधब्यापुढं पोरगी उभी राहिली की वर्षाच्या आत उजवते, असं पार अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत बोललं जायचं. एखादीचं नाहीच जमलं तर लोक म्हणायचे, उभं राहण्यात चूक झाली असेल, राजहंसाकडे पाठ केली असेल.

कुलसुमबीचा एक नियम होता आणि तो तिनं कुणासाठीही मोडला नव्हता. फोटोबरोबर त्याची निगेटिव्हही ती त्या पोरीच्या हातात द्यायची. फिल्मची पट्टी कात्रीनं कापायची, पाकिटात घालायची आणि म्हणायची, "ही तुही अमानत. आता याचे धा फोटू काढ, नाई तं चुलीत घाल." त्याला कारण होतं. तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका पोरीचा फोटो कुणीतरी दुसऱ्या एका दुकानातून परस्पर काढून घेतला, चार ठिकाणी फिरवला आणि तिचं जमलेलं लग्न मोडलं. ती पोर कुलसुमबीच्या ओळखीची होती. तेव्हापासून बाईचा चेहरा दुकानात ठेवायचा नाही, काचेत लावायचा तर नाहीच नाही. म्हणून तर बाया बिनघोर यायच्या. पुढच्या काचेत शफीकमियांचे फोटो झळकायचे: पहिलवान, गुटगुटीत बाळं, एक माजी नगरसेवक. कुलसुमबीचा त्यात एकही नव्हता.

तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते अमरावतीचे खुशालराव आले त्या दिवशी.

दोन हजार सहाचा पोळा नुकताच होऊन गेला होता. खुशालराव हे फोटोग्राफरांच्या संघाचे चिटणीस. माणूस मनानं चांगला, पण तोंडात पान आणि जिभेला हाड नाही. पुढच्या दुकानात बसून ते म्हणाले, "शफीकभाई, साऱ्या वऱ्हाडातल्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरवून राह्यलो अमरावतीले. एकेकाचा एक फोटू. तुमचा काढून ठेवा."

"माहा काय घेता?" शफीकमिया म्हणाले. "आमच्या बेगमचा घ्या. हात तिचा हाय."

कुलसुमबी चहा घेऊन आली होती. खुशालरावांनी बशी हातात घेतली आणि म्हणाले, "दाखवा मंग भाभी एखादा."

कुलसुमबीनं मागच्या खोलीकडे पाहिलं. दाखवायला होतं काय? तिथं धबधबा होता आणि धबधब्यापुढं रिकामी जागा. खुशालरावांना सगळं समजल्यावर ते इतके हसले की पान सांभाळणं मुश्कील झालं. "वा! जिंदगीभर फोटू काढले अन् दाखवाले एक नाई! म्हंजे भाभी बिनफोटूच्या फोटोग्राफर!"

हसण्यात खोट नव्हती. चहा पिऊन, पाठीवर थाप मारून ते गेलेही. पण तो शब्द काही गेला नाही. कुलसुमबी दिवसभर मनात तोच घोळवत राहिली. तिचं सगळं काम लोकांच्या ट्रंकांत होतं, तांदळाच्या डब्यात होतं, कुणाच्या सासरच्या भिंतीवर होतं. ते लोकांचं होतं, ते बरोबरच होतं. पण म्हणून आपलं नावही कुठं असू नये? एक फोटो भिंतीवर लागावा, खाली 'कुलसुमबी शफीक शेख' असं लिहिलेलं असावं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं दोन घटका थांबून पाहावं, हे तिला एकाएकी इतकं हवंसं झालं की भाजीत मीठ दोनदा पडलं.

जेवताना तिनं जाहीर केलं, "मी फोटू देनार."

"कोनाचा?" शफीकमियांनी खारट भाजीविषयी काही न बोलता विचारलं.

"धबधब्याचा. त्याले ना बुरखा, ना पदर, ना सासरा. निगेटिव्ह वापस मागाले कोन येते?"

शफीकमियांनी घास खाली ठेवला. "असली धबधबा?"

"असलीच. तुमचा तं रोजच काढतो."

आता चिखलदऱ्याला जायचं तर बरोबर कुणीतरी हवं. शफीकमियांच्या गुडघ्यांना घाट सोसला नसता. कुलसुमबीला लगेच मैनाबाई आठवली. मैनाबाई अकोटच्या बाजूच्या एका खेड्यातली. स्वतःच्या वावरातली भाजी घेऊन ती आठवड्याच्या बाजाराला अकोल्याला यायची आणि बाजार उठला की रिकामी टोपली बोळातल्या दाराशी ठेवून चहाला बसायची. तिच्या दोन्ही पोरी याच पडद्यापुढं उभ्या राहून उजवल्या होत्या. तिच्या वावरातून, आभाळ मोकळं असलं की, सातपुड्याची निळी रेघ दिसायची. "रोज पाह्यतो त्याले, पन गेलो नाई कवा," असं ती नेहमी म्हणायची.

"चाल मंग," कुलसुमबी म्हणाली.

मैनाबाईचे डोळे चमकले. मग तिनं पदर सारखा केला. "येतो. पन भाभी, मले फोटूत घेजा नोको."

कुलसुमबीनं कारण विचारलं नाही, कारण ते तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मैनाबाईचे मालक, नत्थुजी, गेले. त्या वर्षांत आमच्याकडे कर्जात बुडालेली शेतकरी माणसं कशी जात होती ते नव्यानं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दारात एक अनोळखी फोटोग्राफर येऊन उभा राहिला. 'बाई, काढू का?' इतकंही त्यानं विचारलं नाही. उंबऱ्यावर बसलेली, पदर दातात धरलेली, डोळे सुजलेली मैनाबाई मोठमोठ्या पेपरांत छापून आली. पेपर तिला कुणी पाठवला नाही. भाच्यानं भजी बांधून आणली त्या कागदावर तिनं स्वतःला पाहिलं. पुढं वावर तिनं एकटीनं वाहिलं, कपाशी काढली, तूर काढली, धाकटीचं लग्न केलं. पण एस्टीत कुणी ना कुणी कोपरानं दुसऱ्याला ढोसायचंच, 'थेच, पेपरातली.' तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती पाठ फिरवायची.

"तुले कावून घेऊ?" कुलसुमबी म्हणाली. "मले पानी पायजे. तू फक्त छत्री धरजो. जबान देतो."

निघायच्या दिवशी शफीकमियांनी कॅमेऱ्यात नवा कोरा रोल भरून दिला, तिपाई बांधून दिली आणि स्वतःचा जुना स्वेटर पुढं केला. अकोल्यात घामाच्या धारा लागलेल्या. अकोल्याच्या माणसाची थंडी म्हणजे कूलरपुढं बसणं. कुलसुमबीनं स्वेटर असा पाहिला की जणू कुणी वेड्यानं दिला आहे, पण पिशवीत टाकला.

"आन् एक ध्यानात ठेव," शफीकमिया म्हणाले. "फोकसची कडी दूरच्या खुणेवर, त्या आडव्या आठावर ठेवजो. धबधबा दूर राह्यते. खोलीतल्यासारखं जवळ नोको ठेवू."

"मले शिकवता?"

त्या कडीवर कुलसुमबीनं नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावला होता. पडद्यापुढं पोरगी उभी राहायची, बरोबर त्या अंतराचा. त्या वर्षांत दिवसातून अर्धा वेळ वीज नसायची, खोलीत अंधार. मग बोटानं चाचपून ठिपका गाठायचा, की पोरीचा चेहरा लख्ख येणार. डोळ्यांचं काम बोटांनी करायची तिला सवयच झाली होती.

अकोटला मैनाबाई चढली. नवं लुगडं, हातात मोठी काळी छत्री आणि फडक्यात भाकरी-ठेचा. परतवाड्यापर्यंत दोघींच्या तोंडाला खंड नव्हता. परतवाड्याला जीप मिळाली. माणसं कोंबण्यात तिथल्या जीपवाल्यांचा हात कुणी धरू नये. पुंजाराम नावाच्या ड्रायव्हरनं दोघींना पुढं बसवलं, म्हणजे स्वतः अर्धा बाहेर बसला, आणि विचारलं, "कुठं, देवीले का पॉइंटाले?"

"भीमकुंडाले. धबधब्याचा फोटू काढाचा हाय."

"आज?" पुंजारामनं मान हलवली. "भल्ला वारा हाय वरतं. पानी खाली पडूनच नाई राह्यलं. उलटं चढून राह्यलं."

"फेकते काय बाप्पा हा मानूस," मैनाबाई कुलसुमबीच्या कानात म्हणाली.

घाट सुरू झाला आणि खिडकीतून येणारा वारा एकदम बदलला. आधी बरं वाटलं, मग बोटं आखडली, मग दोघी एकमेकींना चिकटल्या. एका वळणावर ढग सरळ जीपमध्येच शिरला. मैनाबाईनं हात पुढं करून त्याला धरायला पाहिलं आणि लहान पोरीसारखी खिदळली. चिखलदऱ्याला उतरेपर्यंत कुलसुमबीनं बुरख्याखाली स्वेटर चढवला होता आणि मनातल्या मनात नवऱ्याला दुवा दिली होती. टपरीवर पुंजारामनं त्यांना तिथल्याच मळ्यातली कॉफी पाजली. मैनाबाईनं एक घोट घेतला, "जळली वाट्टे," म्हणाली आणि कपाची ऊब घ्यायला म्हणून सगळी पिऊन टाकली.

भीमकुंडाच्या कड्यावर आल्या तर समोर काहीच नव्हतं. कीचकाला मारून भीमानं जिथं हात धुतले म्हणतात ती दरी, तो कडा, ते पाणी, सगळं धुक्यानं झाकलेलं. फक्त आवाज येत होता. पलीकडे काहीतरी प्रचंड कोसळत होतं आणि पायाखालचा दगड हलका हलका थरथरत होता. कुलसुमबीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तिच्या धबधब्याला आवाजच नव्हता. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"भाभी, ऐकून राह्यले ना?" मैनाबाई ओरडली. हळू बोललेलं वारा उडवून नेत होता.

"ऐकून राह्यली! लाव तिपाई!"

तिपाई लावायची म्हणजे एक युद्धच झालं. वारा असा की एक पाय टेकवावा तर दुसरा उचलायचा. शेवटी मैनाबाईनं वावरातली अक्कल लढवली: भाकरीच्या पिशवीत दगड भरले आणि ती तिपाईच्या मधोमध लोंबकळत बांधली. तिपाई बसली. मग कुलसुमबीनं बुरख्याचा घेर पुढं ओढून कॅमेऱ्यावर टाकला आणि स्वतः आत शिरली. जुन्या काळचे फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालायचे तसं. आतून तिचा आवाज आला, "वा! इथं तं घरच झालं!"

पण धुकं काही हटेना. जरा पातळ झालं की ती खटका दाबायची आणि दाबेस्तोवर पुन्हा सगळं पांढरं. चष्म्यावर पाणी, आतून वाफ. ओढणीनं पुसावा तर ओढणीच ओली. बोटं इतकी गारठली की खटका दाबला की नाही हे आवाजावरून कळायचं. रोल संपत चालला होता. घाई करू नये हे तिला समजत होतं, पण उतावळेपणा आवरत नव्हता. "दिस की रे बाबा," ती धबधब्याला म्हणत होती. "एकदा तोंड दाखव. किती भाव खाशील? पोरीसुद्धा इतक्या लाजत नाईत."

चष्मा पुसायला तिनं घेरातून डोकं बाहेर काढलं आणि मग दिसला. वाऱ्याचा एक मोठा लोट आला, धुक्याचा पडदा मधोमध फाटला आणि पलीकडचा अख्खा कडा उघडा पडला. पाणी वरून सुटत होतं, निम्म्यात येत होतं आणि तिथं वारा त्याला पकडून सरळ वर फेकत होता. खरंच उलटं चढत होतं! पांढऱ्या पाण्याचा लोंढा आभाळात उडत होता आणि त्याचे तुषार दरी ओलांडून दोघींच्या तोंडावर येऊन फुटत होते. पुंजाराम खोटं बोलला नव्हता. कुलसुमबीनं अशी आरोळी ठोकली की टपरीवरचे लोक वळून पाहू लागले.

"छत्री! छत्री धर!"

मैनाबाईनं छत्री उघडली. उघडली म्हणजे काय, वाऱ्यानं ती हातातून घेतली, उलटी केली आणि पुढं कठड्याकडे पळवली. मैनाबाई तिच्यामागं धावली. कुलसुमबीला यातलं काही कळलं नाही. ती पुन्हा घेराच्या आत शिरली होती, चष्मा आंधळा झाला होता, समोर नुसता पांढरा उजेड आणि त्यात काहीतरी काळं हलत होतं. तिला वाटलं, खडक. बोटांनी कडी चाचपली, ओळखीचा ठिपका लागला आणि हात निश्चिंत झाला.

"श्वास धर!" ती सवयीनं ओरडली आणि खटका दाबला. त्याबरोबर रोल संपला.

धुकं पुन्हा मिटलं. कुलसुमबी बाहेर आली ती नाचतच. मैनाबाई मोडकी छत्री घेऊन परतली, डोक्यावरून पाणी निथळतंय, दात वाजतायत आणि हसू थांबत नाही. "भाभी, पाह्यलं का? पानी वर! वर जाऊन राह्यलं व्हतं!"

"पाह्यलं! धरलं त्याले! डब्बीत बंद केलं!"

दोघी एकमेकींना मिठी मारून त्या वाऱ्यात उभ्या राहिल्या. परतीच्या जीपमध्ये त्यांनी पुंजारामला भाकरी-ठेचा खाऊ घातला आणि त्याची माफी मागितली. खुशालरावांना तर कुलसुमबीनं परतवाड्याहूनच फोन लावला आणि सांगून टाकलं, "लिहून घ्या, भीमकुंडाचा धबधबा." त्यांनी लिहूनही घेतलं.

लॅबमधून फोटो आले त्या दिवशी शफीकमियांनी दुकान अर्धं बंद केलं. पाकीट फोडलं. पहिला फोटो पांढरा. दुसरा पांढरा. तिसऱ्यात धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखं काहीतरी. एकेक करत सगळे तसेच.

शफीकमियांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच विचारलं, "आडवा आठ?"

कुलसुमबीला तो लाल ठिपका आठवला. तिनं कपाळावर हात मारला. इतक्या लांब जाऊन, इतकं गारठून, तिच्या बोटांनी त्या धबधब्याचा फोटो मागच्या खोलीतल्या मापानं काढला होता! खाली बसून तिनं डोळ्यांना ओढणी लावली. खुशालरावांचं हसू तिच्या कानात आत्तापासूनच वाजू लागलं.

"अगं, रो मत. हा पाहा," शफीकमिया म्हणाले. त्यांच्या हातात शेवटचा फोटो होता.

त्या फोटोत मैनाबाई होती. कठड्याशी, बरोबर तेवढ्याच अंतरावर, जिथं पोरी उभ्या राहतात. एका हातात उलटी झालेली छत्री, पदर सुटून वाऱ्यावर, ओले पांढरे केस कपाळभर आणि तोंड उघडं टाकून ती हसत होती. पडलेला दात दिसत होता. पापणीवरचा थेंब न थेंब दिसत होता. आणि मागं पाण्याचा निळा-पांढरा लोट, पुसट, मऊ.

"कुलसुम," शफीकमिया म्हणाले, "हा तं माहाच पडदा हाय! तसाच! बिन देखे मैंने सही बनाया था!" आणि म्हातारा आनंदानं टाळ्या वाजवू लागला.

कुलसुमबी फोटोकडे पाहतच राहिली. तिनं आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत हा सरस होता. तिला ते पाहताक्षणीच कळलं. पोरींना ती 'श्वास धर' म्हणायची आणि त्या धरायच्या. या बाईनं श्वास सोडला होता. हाच लावायचा, असं तिच्या मनात आलं आणि पुढच्याच क्षणी तिचं तोंड उतरलं. मैनाबाईला तिनं जबान दिली होती.

"अमरावती दूर हाय," शफीकमिया चाचरत म्हणाले. "तिले कोन सांगते?"

कुलसुमबीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पुढच्या दुकानात गेले आणि नगरसेवकाची काच पुसू लागले. तिनं कात्री घेतली, पट्टीतून ती निगेटिव्ह कापली आणि पाकिटात घातली. कापायचं तिच्या जिवावर आलं होतं. खोटं कशाला सांगा?

दुसऱ्या दिवशी ती मैनाबाईच्या वावरात गेली. कपाशीला बोंडं धरली होती. मैनाबाई निंदत होती. तिला पाहून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आली. कुलसुमबीनं आधी सगळं कबूल केलं. धुकं, चष्मा, ठिपका, सगळं. "मी पाह्यलं नाई तुले. खुदाची कसम. पन तू आली हायेस त्यात. हा फोटू, ही निगेटिव्ह. तुही अमानत. फाड, जाळ, तुही मर्जी."

मैनाबाईनं हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला. बघत राहिली. कुलसुमबीला वाटलं, झालं, आता ही मैत्री गेली.

"मी अशी हासतो?" मैनाबाईनं विचारलं.

"अशीच हासतेस."

"मालक असते तं म्हनले असते, दात पाहा हिचे." ती फोटोवर बोट फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं येऊ दिलं. मग एकाएकी तिनं विचारलं, "तुमचा थो धबधबा कुठं हाय यात?"

"नाई आला. बिघडला. प्रदर्शनात मी काई देत नाई आता."

"कावून नाई?" मैनाबाई ताडकन म्हणाली. "माहा रडता फोटू साऱ्या मुलखानं पाह्यला. मले पुसलं व्हतं कोनी? अन् हासता पेटीत ठेवू? हा माहा हाय ना? मंग मी सांगतो कुठं लावाचा. लावा अमरावतीले! मोठा करून लावा!"

"मैनाबाई, लोक वळखतीन."

"वळखू द्या. त्याच्यासाठीच तं म्हनून राह्यलो."

कुलसुमबीनं तिला धुऱ्यावरच छातीशी धरलं. पलीकडच्या वावरातले लोक निंदणं थांबवून बघत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी फ्रेम कुणाला हात लावू न देता मैनाबाईनं एस्टीत मांडीवर धरून अमरावतीला आणली. निगेटिव्हचं पाकीट तिच्या कमरेच्या बटव्यात होतं, खुशालरावांनी संघासाठी मागितलं तर ती म्हणाली, "थे नाई भेटत." खुशालराव फोटो पाहून पान चघळायचे थांबले होते. त्यांनी स्वतः स्टूल आणलं आणि फ्रेम दाराच्या समोरच्या भिंतीवर लावली. खाली पाटी होती: 'भीमकुंडाचा धबधबा. छायाचित्रकार: कुलसुमबी शफीक शेख, अकोला.' शफीकमियांनी ती पाटी तीनतीनदा वाचून काढली आणि येणाऱ्याला सांगू लागले की मागचा पडदा त्यांचा आहे.

लोक येत होते, चालता चालता थबकत होते, हसत होते. कुलसुमबी खांबाआडून सगळं बघत होती. मैनाबाई मात्र फोटोच्या शेजारीच खुर्ची टाकून बसली होती. एक चष्मेवाला गृहस्थ बराच वेळ उभा राहिला. फोटोकडे पाहिलं, मैनाबाईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"तुम्ही त्या... पेपरातल्या ना? उंबऱ्यावर बसलेल्या?"

कुलसुमबी खांबाआडून पुढं आली.

"थे दुसऱ्यानं काढेल व्हती, मले न पुसता," मैनाबाई म्हणाली आणि तिनं भिंतीकडे हात केला. "मी ही."

गृहस्थ ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं पाटी वाचली आणि विचारलं, "पण बाई, यात धबधबा कुठं आहे?"

"मांगं हाय," मैनाबाई म्हणाली. "पह्यले मले पाहून घ्या."